‘नारुटो’ संपलं, आता काय बघू?

“नारुटो संपलं ताई. आता तसंच काहीतरी सांग ना.”

लोणी काळभोरला सोलापूर रोडच्या चहाच्या टपरीवर हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. राजबाग, म्हणजे राज कपूरचं जुनं फार्म होतं तिथे, आता विद्यापीठ आहे, त्यामुळे डिझाइन-ॲनिमेशनची मुलं गावात भरपूर. त्यात माझी पीएचडी डब झालेल्या कार्टून मालिकांवर आहे हे मी एकदा बोलून बसले. तेव्हापासून रेको द्यायचं काम माझ्याकडे.

सोपं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. नारुटो आवडलं? मग ब्लीच बघ, मग जुजुत्सु कायसेन. पण ‘तसंच’ म्हणजे नक्की कशासारखं? फॅन लोक म्हणतात, शोनेन. आता शोनेन हा काही कथेचा प्रकार नाही; मासिक कोणत्या वयाच्या मुलांसाठी काढलंय एवढंच त्यातून कळतं. आपल्याकडे तर गंमत अशी की बरीच वर्षं हे शब्दच नव्हते, आणि तरी आपण ॲनिमे बघत होतो.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. माझा मामेभाऊ आजही ते गाणं म्हणतो. ती मालिका जपानी, निप्पॉन ॲनिमेशनची, 1989 ची, हे त्याला मी सांगितलं तर म्हणाला, “काहीही! मोगली आपला आहे.” त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. कथा भारतातल्या जंगलातली, भाषा हिंदी, आवाज ओळखीचे. डबिंग इतकं चांगलं जमलं की मूळ बनवणारे दिसेनासे झाले.

‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’चंही थोडं तसंच. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला सिनेमा, 1992 चा. पुढे तो टीव्हीवर लागत राहिला, आणि 24 जानेवारी 2025 ला थिएटरमध्ये पुन्हा आला. तेव्हा कुठे अनेकांनी त्याला ॲनिमे म्हणायला सुरुवात केली. म्हणजे तोवर तो ‘कार्टून रामायण’च.

ॲनिमॅक्स चॅनल भारतात 2004 मध्ये आलं. ‘ॲनिमे’ हे लेबल घरात येण्याचं ते एक मोठं कारण, असं मी प्रबंधात मांडतेय. लेबल आलं आणि यादी तयार झाली. यादीत पोकेमॉन, ड्रॅगन बॉल झी. मोगली यादीबाहेर, कारण तो लेबलच्या आधीचा. (गाइड म्हणतात, पुरावा वाढवा. वाढवतेय.)

म्हणून मी हल्ली प्रकार बघून रेको देत नाही, बनवणारे हात बघून देते. मोगली आवडला होता ना? मग त्याच निप्पॉन ॲनिमेशनची 1979 ची ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ बघा. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, आणि सुरुवातीच्या भागांच्या लेआउटला हायाओ मियाझाकी. इथून घिबलीपर्यंतचा रस्ता आपोआप सापडतो.

ही पद्धत मला सापडली ती आमच्या घरात. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या कपाटात चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं ‘तोत्तोचान’ कायम असायचं, पानं सुटलेली, कव्हरला वर्तमानपत्र. आणि मी लहानपणी डोरेमॉन लावलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “बंद कर ते! हिंदी बोलायला लागलीयेस नुसती.” तोत्तोचान म्हणजे चांगलं जपान, डोरेमॉन म्हणजे वाईट जपान, अशी आमच्याकडे वाटणीच होती.

मग 2023 च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये तोत्तोचानवर ॲनिमे सिनेमा आला. स्टुडिओ कोणता? शिन-एइ. डोरेमॉन आणि शिनचॅन बनवणारा तोच. दिग्दर्शक शिन्नोसुके याकुवा, ज्यांनी आधी डोरेमॉनचे सिनेमे केलेत. मी आईला लॅपटॉपवर दाखवला, सबटायटल्स मराठीत वाचून दाखवत. रेल्वेच्या डब्यांमधली शाळा आली तेव्हा ती काही बोलली नाही. कोबायाशी गुरुजी त्या छोट्या मुलीचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकत बसतात, तिथे म्हणाली, “थांबव जरा.” मग उठून पुस्तक घेऊन आली आणि ते पान काढलं. शेवटी मी स्टुडिओचं सांगितलं. जरा वेळाने म्हणाली, “म्हणजे तुला मी उगाचच ओरडायचे.” हे वाक्य प्रबंधात कुठे बसवायचं ते अजून ठरत नाहीये.

पुन्हा टपरीवर. नारुटो ज्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात 1999 पासून आलं, त्याच जंपमध्ये 1973 साली केइजी नाकाझावांचं ‘बेअरफूट गेन’ सुरू झालं होतं. नाकाझावा स्वतः सहा वर्षांचे असताना हिरोशिमात होते, बॉम्ब पडला तेव्हा. कुटुंब गमावलेला, तरीही आरडाओरडा करत उभा राहणारा पोरगा नायक. नारुटोच्या चाहत्याला तो परका वाटत नाही. मी त्या मुलाला माझ्याकडचा इंग्रजी पहिला खंड दिला.

चूक एवढीच केली की आत काय आहे ते सांगितलं नाही. ‘तसंच’ म्हणून दिलं, आणि शेवटची पानं तशी अजिबात नाहीत. चार दिवस पोरगा टपरीवर फिरकलाच नाही. पाचव्या दिवशी आला, पुस्तक टेबलावर ठेवलं. “ताई, आधी सांगायचं ना. रात्री झोप नाही आली.”

मी सॉरी म्हटलं. मनापासून म्हटलं. आता कुणालाही गेन देताना आधी सांगते : यात घरात अडकलेली माणसं जळताना दाखवलीयेत, लहान मुलंसुद्धा, नको असेल तर फुमियो कोनोच्या मांगावरचा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ आधी बघ, युद्ध तेच, पण चाल हळू.

चहा संपल्यावर त्याने विचारलं, “दुसरा खंड आहे का?”

आहे, पण सध्या आई वाचतेय.