पतंग आणि परवाना

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या कीं संध्याकाळीं दिव्याभोंवतीं पतंगांची गर्दी होते, आणि सकाळीं त्याखालीं मेलेल्या किड्यांचा सडा झाडून काढावा लागतो. हें दृश्य आमच्या वाचकांनीं शेंकडों वेळां पाहिलें असेल. परंतु या क्षुद्र जीवाविषयीं दोन शेजारी वाङ्मयांनीं अगदीं उलट निवाडे दिले आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

संस्कृतांतील निवाडा कठोर आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायांत विश्वरूपाच्या मुखांत वेगानें शिरणाऱ्या योद्ध्यांना अर्जुन पतंगांचीच उपमा देतो. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंमध्यें पतंगाला स्थान आहे खरें, पण काय करूं नये एवढें शिकविण्यापुरतेंच. रूपाला भुललेला तो जळून मरतो. एकनाथांनीं याच स्कंधावरील आपली टीका १५७३ सालीं काशींत पूर्ण केली, आणि हा मूढ पतंग मराठींतही आला.

इराणांत गेलें कीं तोच पतंग 'परवाना' होतो आणि त्याची योग्यता पालटते. ९२२ सालीं बगदाद येथें देहान्त शिक्षा भोगणाऱ्या हल्लाजच्या लिखाणांत तो ज्योतींत शिरणारा साधक आहे. बाराव्या शतकांतील निशापूरच्या अत्तारानें तर पक्ष्यांच्या प्रवासावरील आपल्या काव्यांत पतंगांची सभाच भरविली आहे. ज्योत म्हणजे काय, हें जाणून घ्यावयाचें असतें. एक दुरून उजेड पाहून येतो. दुसरा पंख भाजून येतो. तिसरा ज्योतीला मिठी मारतो आणि तिच्याच रंगाचा होतो. वडील पतंग म्हणतो, कळलें तें त्या एकट्याला. मात्र तें सांगावयास तो परत येत नाहीं! पुढें हाफिजचें जर्मन भाषांतर वाचून भारावलेल्या गटेनें १८१४ सालीं याच जळत्या पतंगावर कविता लिहिली.

अत्ताराची कथा वाचल्यावर आमची उपमा आम्हांस काहींशी कोती वाटली, हें कबूल केलें पाहिजे. पण विचारान्तीं दिसतें कीं, वाद पतंगाविषयीं नसून ज्योतीविषयीं आहे. आमच्याकडे ती विषय किंवा काळ. त्यांच्याकडे ती साक्षात् प्रियकर, परमेश्वर. ज्योतीचा अर्थ बदलला कीं तीच उडी आत्मनाश न राहतां आत्मार्पण ठरते.

फारसींत 'परवाना' या शब्दाला पतंगाखेरीज राजाज्ञा, अनुज्ञापत्र असाही अर्थ आहे. आमच्या दफ्तरांनीं तेवढाच उचलला, आणि बंदुकीचा परवाना घराघरांत ठाऊक झाला. प्रेमाचा परवाना उर्दूच्या गझलांत राहिला.

आतां खुद्द किड्याचें म्हणणें. लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अतिवेगवान कॅमेऱ्यांनीं दिव्याभोंवतालच्या किड्यांचीं उड्डाणें टिपलीं. तें संशोधन २०२४ सालीं प्रसिद्ध झालें. रात्रींही आकाश जमिनीहून उजळ असतें, म्हणून उजेडाकडे पाठ ठेवून उडावें, म्हणजे वर कोणतें आणि खालीं कोणतें याचा घोटाळा होत नाहीं, अशी या जीवांची उपजत रीत. जवळ विजेचा दिवा आला कीं ते त्याच्याकडे पाठ करूं जातात आणि घिरट्यांत सांपडतात. दिवा खालीं असेल तर पतंग उलटा होऊन जमिनीवर आदळतो. दोन हजार वर्षें ज्याला कोणी मोह म्हटलें आणि कोणी प्रेम म्हटलें, तो दिव्यापाशीं पाठमोराच असतो.