शाफ्ट तुटण्याआधीचे २२ तास

फैजपूर-सावदा भागातलं एखादं लहान वर्कशॉप, मे महिना. हा शाफ्ट आणि ही संध्याकाळ रचलेली आहे. पोलादाची वागणूक मात्र खरी.

२२ तास आधी, संध्याकाळी ६
रोटाव्हेटरचा ४५ मिलिमीटर जाडीचा, ईएन-२४ पोलादाचा शाफ्ट ८४० अंशांच्या भट्टीतून निघून तेलाच्या टाकीत जातो. बाहेरचा थर आधी कडक होतो. आतला भाग मागाहून कडक होताना फुगतो आणि बाहेरच्याला ताणतो. की-वेचा, म्हणजे चावी बसवायच्या खाचेचा, कोपरा मिलिंगवाल्यानं काटकोनात सोडलाय. ताण तिथेच गोळा होतो.

२१ तास आधी
जॉब हाताला सोसेल इतका कोमट. टेम्परिंगची, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवण्याची, वेळ हीच. दुसरी भट्टी आता कुठे लावतात, तोच वादळ सुटतं. यावल-रावेरच्या केळीबागा आडव्या करणारं वारं विजेच्या तारांनाही सोडत नाही.

"राहू द्या भाऊ, सकाळी पाहू."

या रात्रीत कधीतरी कोपऱ्यात केसाएवढा तडा जातो.

१० तास आधी, सकाळी ६
लाईट आली. ६०० अंशांवर दोन तास टेम्परिंग. कडकपणा बरोबर भरतो, सगळे खूश. कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनला तडा दिसत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही.

५ तास आधी
रॉकेल लावून, पुसून, वर खडूचा लेप दिला असता तर ओली रेघ उमटली असती. पण शेतकरी दारात उभा; पडलेली केळी काढायचीत. लहान तडा काय करणार? १५ डिसेंबर १९६७ला अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. तिथे उष्णोपचार केलेल्या एका पोलादी पट्टीतला, गंजत वाढलेला तडा जेमतेम अडीच मिलिमीटर खोल होता.

दुपारी ४
शाफ्ट तुटतो. नशीब, माणूस वाचतो.

वर्कशॉपमध्ये आधी स्टीलवाल्याला शिव्या. तुटलेलं तोंड नीट पाहिलं तर की-वेपासून आत गेलेली पट्टी निळसर-काळी, उरलेला भाग ताजा राखाडी. म्हणजे टेम्परिंगच्या भट्टीत जॉब तडा घेऊनच शिरला होता. तडा कच्च्या मालातला असता तर हार्डनिंगच्या भट्टीतच आत जाड खपली धरली असती आणि कडेचा कार्बन जळाला असता. माझ्या मते निम्मा दोष त्या काटकोनाचा, निम्मा उशिरा तापवायला घेतलेल्या दुसऱ्या भट्टीचा. ती दुपारीच गरम करून ठेवता आली असती. लाईट गेल्यावरही आतली ऊब बराच वेळ टिकली असती.