सडपातळ देहातील चरबी : एका छायाचित्राचा इतिहास

१/७
२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे एकत्र छायाचित्र छापले गेले : लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा निर्देशांक, बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

२/७
स्थूलता आणि मधुमेह यांचे नाते प्राचीनांनीही हेरले होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद आहेत. ‘सहज’ प्रमेहाचा रोगी कृश, तर ‘अपथ्यनिमित्तज’ प्रमेहाचा रोगी स्थूल व बैठ्या सवयीचा.

३/७
१९२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा उपचार सुरू झाला आणि इन्सुलिनची उणीव म्हणजेच मधुमेह, ही समजूत रूढ झाली. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी तिला छेद दिला : काही रुग्णांचे शरीर इन्सुलिनला दादच देत नव्हते.

४/७
१९६० मध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजून दाखवले. प्रौढपणी मधुमेह जडलेल्या अनेकांत ते कमी नव्हे, उलट अधिक आढळले!

५/७
मग अडथळा कशाचा? चरबीच्या पेशींना साठा पेलेनासा झाला, की चरबी यकृतात आणि स्नायूंत साचते व इन्सुलिनचा संदेश तेथे क्षीण होतो. शिवाय चरबी निष्क्रिय नसते. स्थूल उंदरांच्या चरबीत दाह वाढवणारे टीएनएफ-अल्फा हे प्रथिन तयार होते, असे १९९३ मध्ये दिसून आले. स्वादुपिंड जादा इन्सुलिन स्रवून झुंजते. ते थकले की साखर वाढते.

६/७
त्याच १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांचा माता-पोषण अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याकडील बाळांचे स्नायू खुरटलेले, त्वचेखालील चरबी मात्र बव्हंशी टिकलेली. अर्थात, ही देहरचना गर्भातच घडू लागते. तिचा सारा दोष खादाडपणावर ढकलता येत नाही.

७/७
२००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी सावधगिरीची बीएमआय मर्यादा २३ सुचवली. छायाचित्रातील दोघांचा २२.३ हा आकडा त्याहूनही खालीच होता. वजनकाटा भार सांगतो. चरबी कोठे दडली आहे, हे सांगत नाही.