मोबाइल इंटरनेट : गप्प बसलेली जोडणी का तुटते?

मोबाइलला रेंज पूर्ण असते, तरीही अर्धा तास बाजूला ठेवलेला फोन हातात घेतला की अडलेले ई-मेल एकदम येऊ लागतात. दुकानात गिऱ्हाइकाने क्यूआर कोडवर पैसे पाठविलेले असतात, त्याच्या खात्यातून रक्कम वजाही झालेली असते. पण दुकानदाराचा साउंडबॉक्स काही बोलत नाही. अशा वेळी दोष रेंजला दिला जातो. प्रत्यक्षात यामागे अनेक कारणे असू शकतात आणि त्यांतील एक सहसा लक्षात येत नाही. ते म्हणजे निष्क्रिय जोडणीची कालमर्यादा, अर्थात ‘आयडल टाइमआउट’.

जोडणी म्हणजे केवळ नोंद

इंटरनेटवरील बहुतेक सेवा टीसीपी या नियमावलीवर चालतात. फोन आणि सर्व्हर आरंभी एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण करतात आणि त्यानंतर जोडणीची नोंद आपापल्या स्मृतीत ठेवतात. दोघांमध्ये कोणतीही तार राखून ठेवलेली नसते. दोघेही गप्प बसले, तर एकही पॅकेट इकडून तिकडे जात नाही. तरी तत्त्वतः जोडणी कितीही तास टिकू शकते.

मोबाइलच्या जाळ्यात मात्र मध्ये तिसरा पक्ष असतो. आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. प्रत्येक फोनला स्वतंत्र पत्ता देणे शक्य नसल्याने कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. या पद्धतीला ‘नॅट’ म्हणतात. कोणते पॅकेट कोणत्या ग्राहकाचे, हे ओळखण्यासाठी कंपनीचे यंत्र प्रत्येक जोडणीची एक ओळ आपल्या तक्त्यात लिहून ठेवते. तक्त्यातील जागा मर्यादित असते. म्हणून ज्या ओळीवर काही काळ वाहतूक नाही, ती पुसली जाते.

नियम एक, व्यवहार दुसरा

टीसीपीची निष्क्रिय जोडणी किमान २ तास ४ मिनिटे जपावी, असे इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्सच्या २००८ मधील आरएफसी ५३८२ या दस्तऐवजात म्हटले आहे. या आकड्याचे मूळ १९८९ च्या नियमात आहे. जोडणी जिवंत आहे की नाही, याची चाचपणी मुळात २ तासांच्या आत करू नये, असे तेव्हा ठरले होते. लिनक्स प्रणालीत आजही ही मुदत ७,२०० सेकंद असते. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीसाठी २००७ मध्ये सुचविलेली मर्यादा तर केवळ २ मिनिटांची आहे. शक्यतो ५ मिनिटे किंवा अधिक ठेवावी, अशी शिफारस आहे.

व्यवहारात हे पाळले जातेच असे नाही. मोबाइल जाळ्यांवरील २०११ च्या एका संशोधनात, काही कंपन्या टीसीपीच्या निष्क्रिय जोडण्या १० मिनिटांच्याही आत विसरतात, असे आढळले होते. दोन तासांनी चौकशी करणाऱ्याला तोवर मार्गच उरलेला नसतो.

यातील मोठी अडचण म्हणजे ओळ पुसल्याची वार्ता अनेकदा कोणालाच दिली जात नाही. सर्व्हर नवा संदेश पाठवितो, तो कंपनीच्या यंत्रापाशी टाकून दिला जातो. सर्व्हर पुनःपुन्हा प्रयत्न करतो. लिनक्समधील मूळ मांडणीनुसार तो सुमारे १५ मिनिटांनी हार मानतो. नुसती वाट पाहणाऱ्या फोनला तर काहीच कळत नाही.

स्पंदनाची किंमत

यावरील सरळ उपाय म्हणजे मर्यादा संपण्याआधी एक छोटे पॅकेट पाठवून ओळ ताजी ठेवणे. त्याला ‘कीपअलाइव्ह’ किंवा ‘हार्टबीट’ म्हणतात. परंतु त्याची किंमत बॅटरीला मोजावी लागते. काही सेकंद शांतता असली की फोनचा रेडिओ कमी विजेच्या अवस्थेत जातो. ही झोप म्हणजे जोडणी तुटणे नव्हे. नवे पॅकेट आले की टॉवर फोनला हाक मारून जागा करतो. मात्र प्रत्येक स्पंदनानंतर रेडिओ काही सेकंद जागाच राहतो.

तो प्रत्येक वेळी १० सेकंद जागतो असे धरू. दर ३० सेकंदांनी एक याप्रमाणे दिवसाला २,८८० स्पंदने होतात आणि रेडिओ ८ तास जागतो. तेच अंतर १५ मिनिटांचे ठेवले, तर ९६ स्पंदने आणि १६ मिनिटे. दहा ॲपनी आपापले स्पंदन वेगवेगळ्या वेळी सुरू ठेवले, तर काय होईल याची कल्पना करावी.

उपाय कोणते?

म्हणूनच ॲपलने २००९ मध्ये आणि गुगलने २०१० मध्ये सर्व ॲपसाठी एकच सामायिक जोडणी ठेवणारी ‘पुश’ सेवा सुरू केली. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, पडून असलेल्या फोनमध्ये ॲपच्या स्वतंत्र हालचालींवर मर्यादाही आल्या. ॲप बनविणाऱ्यांनी शक्यतो हीच वाट धरावी.

जेथे स्वतंत्र जोडणी अटळ आहे, तेथे अंतर अनुभवाने ठरवावे. ते हळूहळू वाढवत न्यावे, जोडणी तुटली की एक पायरी मागे यावे आणि प्रत्येक जाळ्यासाठी निराळा आकडा लक्षात ठेवावा. ई-मेलच्या आयमॅप पद्धतीत १९९७ मध्ये ठरलेले २९ मिनिटांचे अंतर काही मोबाइल जाळ्यांवर फार मोठे ठरते. यूडीपीवर चालणाऱ्या वायरगार्ड या व्हीपीएनसाठी २५ सेकंद सुचविले जातात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जोडणी तुटणारच, असे गृहीत धरणे. उत्तर ठरावीक वेळेत आले नाही, तर नवी जोडणी करावी आणि शेवटच्या मिळालेल्या संदेशापुढचे संदेश मागून घ्यावेत. पैशांच्या प्रत्येक व्यवहाराला एकमेव क्रमांक असावा, म्हणजे तीच विनंती दोनदा गेली तरी रक्कम एकदाच वजा होईल.

आयपीव्ही६ मुळे पत्ते वाटून घेण्याची गरज संपते. परंतु फायरवॉलचे तक्ते राहतातच. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक पद्धतीत जोडणीला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. त्यामुळे पत्ता बदलला तरी फोन पुन्हा बोलता क्षणी संवाद पुढे चालतो. ओळ पुसल्यावर सर्व्हरला मात्र आपणहून आत येता येत नाही.

ग्राहकांनी काय करावे?

* संदेश मोबाइल डेटावर उशिरा आणि घरच्या वायफायवर वेळेवर येत असतील, तर या कालमर्यादेचा संशय घ्यावा.
* महत्त्वाच्या ॲपला बॅटरी बचतीच्या निर्बंधांतून सूट द्यावी. सर्व ॲपना देऊ नये.
* संदेश अडल्यासारखे वाटल्यास विमान मोड काही सेकंद चालू करून बंद करावा. त्याने बहुतेक ॲप नव्याने जोडणी करतात.
* साउंडबॉक्स गप्प राहिला म्हणून लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. गिऱ्हाइकाने व्यवहाराची स्थिती व यूपीआय क्रमांक पाहावा आणि दुकानदाराने ॲपमध्ये किंवा खात्यात जमा रक्कम तपासावी. घोषणा झाली नाही, याचा अर्थ पैसे पोहोचले नाहीत असा होत नाही.