गळ्यातलं कापड कोणी दिलं?

पुलगावात लग्नाचा सीझन आला की कापडाच्या दुकानांत एक चौकोनी बॉक्स दिसायला लागतो. आत रेशमी टाय, त्याच रंगाचा खिशातला रुमाल, कफलिंक्स आणि टाय-पिन. हा सेट नवरदेवासाठी. त्याच आहेरात काका-मामांना मात्र अजूनही टोपी आणि दुपट्टा. मी आयटीतला माणूस, वर्षभर टी-शर्टवर असतो. पण पुरुषाला जुळणारा सेट भेट देण्याची पद्धत आपल्याकडे टायपेक्षा जुनी आहे.

मुघल दरबारात त्याला सरोपा म्हणत. फारसीत 'सर' म्हणजे डोकं, 'पा' म्हणजे पाय. म्हणजे नखशिखान्त पोशाख. मराठ्यांकडेही मानाचा पोशाख, शेला-पागोटं द्यायची रीत होती. देणारा कोण आणि घेणाऱ्याचा दर्जा काय, हे त्या कापडावरून सगळ्या दरबाराला कळायचं.

म्हणूनच 12 मे 1666 ला आग्र्यात एवढं रामायण झालं. औरंगजेबाच्या दरबारात शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला, जसवंतसिंगाला खिलत मिळाली. शिवाजी महाराजांना नाही. महाराज भर दरबारात संतापून पाठ फिरवून निघाले. नंतर समजूत काढायला सरोपा पुढे केला, तर तो घालायलाही त्यांनी नकार दिला.

गंमत म्हणजे त्याच शतकात फ्रान्समध्ये क्रोएट सैनिकांच्या गळ्यातला रुमाल राजदरबाराची फॅशन बनला. त्याचं नाव 'क्रावात', टायचा पूर्वज. पुढे 1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने कापड तिरकं कापून टाय तीन तुकड्यांत शिवायची पद्धत आणली. त्यामुळे गाठ सोडली की टाय पुन्हा सरळ होतो.

टाय आपल्याकडे आला तो साहेबाच्या गळ्यातून. 1888 मध्ये लंडनला गेलेल्या गांधींनी आरशासमोर उभं राहून टाय बांधायला शिकून घेतलं, भावाकडून घड्याळाची सोन्याची दुपदरी साखळी मागवली. 1921 मध्ये मदुराईत त्यांनी सदरा-टोपीही सोडली आणि पंच्यावर आले. पुढे 1936 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला राहायला आले.

पण कपडे सोडणं हे ज्याच्याकडे ते असतात त्यालाच शक्य. महारांना गावकीच्या कामाबद्दल जे मिळे, त्यात मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापडही होतं. तीही एक 'भेट'च, आणि तीसुद्धा घेणाऱ्याची जागा दाखवणारी. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी लोकांना नीटनेटकं, स्वच्छ राहायला सांगितलं, त्यामागे हे सगळं होतं. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकलेल्या बाबासाहेबांचा सूट-टाय या नजरेने बघायला हवा.

आज विदर्भात गावोगावी निळ्या कोटातला, टाय लावलेला त्यांचा पुतळा आहे. 14 एप्रिलला तिथे हार घालायला येणाऱ्या गर्दीत कोट-टाय घातलेली लहान पोरं असतात. गाठ बहुतेकदा वडिलांनी बांधून दिलेली असते.