‘फेट/झीरो’ आणि चाहत्यांचा अनुवाद

गाजलेल्या कादंबरीवर चित्रपट किंवा संगणकीय खेळ निघणे आता नित्याचे झाले आहे. जपानमध्ये याच्या उलट प्रवासही सर्रास घडतो. आधी व्हिडिओ गेम येतो आणि त्याच्या कथानकावरून पुढे कादंबरी लिहिली जाते. ‘फेट/झीरो’ ही अशीच एक कादंबरी होय.

‘टाइप-मून’ या जपानी संस्थेने जानेवारी २००४ मध्ये ‘फेट/स्टे नाइट’ हा खेळ प्रसिद्ध केला. पडद्यावरील चित्रांसोबत मजकूर वाचत, मध्ये मध्ये पर्याय निवडत पुढे जायचे, असे त्याचे स्वरूप आहे. फुयुकी या काल्पनिक शहरात सात जादूगार इतिहास-पुराणांतील सात वीरांना पाचारण करतात आणि इच्छापूर्ती करणाऱ्या पवित्र चषकासाठी परस्परांशी लढतात, ही त्याची कथा. तिच्या दहा वर्षे आधीचे युद्ध गेन उरोबुची यांनी कादंबरीत रंगविले. डिसेंबर २००६ ते डिसेंबर २००७ या काळात तिचे चार खंड निघाले.

जपानी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंत ही कादंबरी प्रामुख्याने चाहत्यांनी पोहोचविली. मूळ खेळाचे इंग्रजी रूपांतर ‘मिरर मून’ या हौशी गटाने २००८ मध्ये पूर्ण केले होते. कादंबरीचा अनुवाद ‘बाका-त्सुकी’ या चाहत्यांच्या उपक्रमातून उपलब्ध झाला. खेळाच्या अनुवादात मजकूर आज्ञावलीतून बाहेर काढून पुन्हा तिच्यात बसवावा लागतो. कादंबरीत ही तांत्रिक अडचण नसते. तेथे कसोटी लागते ती भाषेची.

जपानी लेखनात चिनी चित्रलिपीतील शब्दाच्या बाजूला बारीक अक्षरांत त्याचा उच्चार देण्याची पद्धत आहे. फेट मालिकेत वीरांच्या अस्त्रांसाठी जो शब्द येतो, त्याच्या चित्राक्षरांचा अर्थ ‘मौल्यवान साधन’ असा होतो. त्याला जोडलेला उच्चार मात्र ‘नोबल फँटॅझम’ या इंग्रजी शब्दांचा आहे. जपानी वाचक दोन्ही अर्थ एकाच वेळी वाचतो. अनुवादकाला बहुधा त्यांपैकी एक सोडावा लागतो. नावांचाही असाच पेच पडतो. या कथेत राजा आर्थर ही स्त्री आहे. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ हा भेद नसल्याने तिचे नाव आर्टोरिया, आर्टुरिया की अल्ट्रिया, यावर चाहत्यांत दीर्घकाळ मतभेद होते. अधिकृत इंग्रजी उत्पादनांतही हे नाव एकसारखे राहिलेले नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे सारे काम अडचणीचे आहे. १८८६ च्या बर्न करारानुसार अनुवादाचा अधिकार लेखकाकडे असतो. अनुवाद विनामूल्य वाटला म्हणून तो वैध ठरत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, साहित्यकृतीच्या प्रथम प्रकाशनानंतर सात वर्षांनी काही अटींवर अनुवादाचा परवाना मागण्याची तरतूद आहे. परंतु तीही रीतसर अर्ज करून आणि मानधन देऊनच. त्यामुळे चाहत्यांच्या अनुवादाचे अस्तित्व बहुतांशी हक्कधारकांच्या दुर्लक्षावर अवलंबून असते. अधिकृत आवृत्ती जाहीर झाली की आपला मजकूर काढून घ्यायचा, असा संकेत अनेक गट पाळतात. वर्षानुवर्षांचे श्रम अशा वेळी एका दिवसात दिसेनासे होतात.

या अनुवादांना मर्यादाही आहेत. प्रकरणे वेगवेगळ्या हातांत गेल्याने शैली बदलते, संपादन तोकडे पडते, काही प्रकल्प अर्ध्यावर थांबतात. तरीही त्यांनी भरून काढलेली पोकळी मोठी होती. ‘फेट/झीरो’वर आधारलेली अ‍ॅनिमेशन मालिका २०११-१२ मध्ये आली आणि ही कथा जगभर पोहोचली. मूळ खेळाची अधिकृत इंग्रजी आवृत्ती मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी निघाली. एवढ्या काळात त्या खेळाचा इंग्रजी वाचकवर्ग घडविला तो, ज्यांचा त्यावर कोणताही हक्क नव्हता अशा हौशी अनुवादकांनी.