मोनार्क्स : स्वतःचे दिवे घेऊन फिरणारा संघ

२८ एप्रिल १९३०. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील एनिड हे शहर. अंधार पडू लागताच मैदानाच्या कडेला ट्रक येऊन उभे राहिले. त्यांवरचे दिव्यांचे खांब वर चढवण्यात आले, जनरेटरची घरघर सुरू झाली आणि मैदानावर उजेड पडला. कॅन्सस सिटी मोनार्क्स हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा व्यावसायिक बेसबॉल संघ आपले दिवे आपल्याबरोबर घेऊन आला होता.

गोऱ्यांच्या मेजर लीगमध्ये दिव्यांच्या प्रकाशातील पहिला सामना झाला तो २४ मे १९३५ रोजी, सिनसिनाटी येथे. म्हणजे पाच वर्षांनंतर. तरीही मोनार्क्स ज्या लीगमध्ये खेळत होते, तिला 'मेजर' म्हणण्यास २०२० साल उजाडावे लागले. त्या नव्वद वर्षांची ही हकिगत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्या संघमालकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना दारे बंद केली. कायदा नव्हता, लेखी नियम नव्हता. सर्वांनी पाळलेला एक अलिखित संकेत होता, आणि तो कायद्यापेक्षा चिवट ठरला. त्याला उत्तर म्हणून १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीतील पॅसिओ वायएमसीएच्या इमारतीत रूब फॉस्टरच्या पुढाकाराने 'निग्रो नॅशनल लीग' स्थापन झाली. ('निग्रो' हा शब्द आज अवमानकारक मानला जातो. त्या काळी तो समाज स्वतःसाठी तोच शब्द वापरीत असे. येथे तो संस्थेच्या नावापुरताच आहे.)

या लीगमधील एकमेव गोरा मालक म्हणजे मोनार्क्सचा जे. एल. विल्किन्सन. १९१२ मध्ये त्याने 'ऑल नेशन्स' नावाचा, नाना वंशांच्या खेळाडूंचा फिरता संघ उभारला होता. मोनार्क्सचे काही खेळाडू त्यातून आले, तर काही थेट सैन्यातून. पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटच्या कृष्णवर्णीय सैनिकांचा बेसबॉल संघ त्या काळी नावाजलेला होता. त्यातलाच 'बुलेट' रोगन. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर तो अव्वल दर्जाचा अष्टपैलू होता : पिचर म्हणून प्रतिस्पर्ध्यांना गुंडाळणारा आणि बॅट हाती घेतली की तितकाच धोकादायक.

१९२४ साली कृष्णवर्णीय संघांची पहिली 'वर्ल्ड सिरीज' झाली. फिलाडेल्फियाजवळच्या हिलडेल संघाशी गाठ होती. नऊ सामन्यांचा निकाल ठरेना, कारण एक बरोबरीत सुटला होता. दहाव्या, निर्णायक सामन्यात संघाचा व्यवस्थापक होसे मेंदेझ स्वतः चेंडू घेऊन उतरला. हा क्यूबाचा थोर पिचर. तारुण्यात केवळ कातडीच्या रंगामुळे मेजर लीगबाहेर राहिलेला. आता वय ३९, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली. त्याने हिलडेलला एकही धाव घेऊ दिली नाही. मोनार्क्सने सामना ५-० ने आणि मालिका ५-४ ने जिंकली. चार वर्षांनी मेंदेझ वारला.

हा संघ कॅन्सस सिटीच्या कृष्णवर्णीय वस्तीचा मानबिंदू होता. रविवारी सामना असला की चर्चमधील प्रार्थना तासभर आधी उरकत, अशी आठवण पुढे अनेकांनी सांगितली आहे. त्याच मैदानावर गोऱ्यांचा 'ब्लूज' संघ खेळे तेव्हा कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळे बसवीत. मोनार्क्सच्या सामन्याला मात्र कोणीही कोठेही बसावे.

मग १९२९ ची आर्थिक मंदी आली. दिवसा कामावर असणाऱ्या माणसाला सामना दाखवायचा असेल तर तो रात्री खेळवला पाहिजे, या साध्या हिशेबातून विल्किन्सनने कर्ज काढून ते फिरते दिवे बनवून घेतले. उजेड जेमतेम होता. उंच उडालेला चेंडू दिव्यांच्या वर गेला की दिसेनासा होई आणि जनरेटरच्या आवाजात खेळाडूंना एकमेकांची हाक ऐकू येत नसे. पण लोक आले. १९३१ नंतर लीग कोसळली. मोनार्क्स गावोगाव फिरून तगले आणि १९३७ मध्ये नव्या 'निग्रो अमेरिकन लीग'मध्ये दाखल झाले. १९४२ ची वर्ल्ड सिरीजही त्यांनी जिंकली. तेव्हा संघात सॅचेल पेज होता. काही वर्षांपूर्वी हात दुखावल्याने 'संपला' म्हणून इतरांनी सोडून दिलेल्या या पिचरला विल्किन्सननेच आधार दिला होता.

फिरण्याचा हा धंदा अपमानाचाही होता. हॉटेले खोली देत नसत, खानावळी दाराबाहेर उभे करीत. १९४५ मध्ये संघात आलेल्या जॅकी रॉबिन्सनची एक गोष्ट बक ओ'नील सांगत. पेट्रोल पंपाच्या मालकाने स्वच्छतागृह वापरू दिले नाही, तेव्हा रॉबिन्सन म्हणाला की मग टाकीतली नळी काढा, आम्ही दुसरीकडे भरू. एवढे मोठे गिऱ्हाईक जाताना पाहून मालक नरमला. आता ओ'नील त्या वर्षी नौदलात होता; ही गोष्ट त्याने सहकाऱ्यांकडून ऐकलेली असणार. तपशील त्या बेताने घ्यावेत. रॉबिन्सनच्या स्वभावाशी मात्र ती जुळते.

रॉबिन्सनला मोनार्क्सकडून महिना ४०० डॉलर मिळत. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकीने त्याला करारबद्ध केल्याचे जाहीर झाले. १५ एप्रिल १९४७ रोजी तो मेजर लीगमध्ये उतरला आणि तो अलिखित संकेत मोडला.

मोनार्क्सला या बदल्यात एक छदामही मिळाला नाही. कृष्णवर्णीयांच्या लीग या खऱ्या लीगच नव्हेत, त्यांचे करार मानण्याचे कारण नाही, अशी रिकीची भूमिका होती. विल्किन्सनचा भागीदार टॉम बेअर्ड याने प्रथम तक्रारीची भाषा केली. पण ज्या क्षणाची सारा समाज अर्धशतक वाट पाहत होता, त्याच्या आड पैशासाठी येणार कोण? दोघेही मागे सरले. रिकीचे धैर्य खरे होते आणि त्याचा हा हिशेबही खरा होता. एकाचे कौतुक करताना दुसरे झाकणे इतिहासाला शोभत नाही. त्याच १९४७ मध्ये क्लीव्हलँडच्या बिल व्हेकने लॅरी डोबीसाठी न्यूआर्क ईगल्सला पैसे मोजले होते.

पुढची घसरण वेगाने झाली. डॉजर्स जेथे खेळत तेथे कृष्णवर्णीय प्रेक्षकांची गर्दी लोटू लागली आणि आपल्या संघांची मैदाने ओस पडली. १९४८ मध्ये विल्किन्सनने आपला हिस्सा बेअर्डला विकला. एल्स्टन हॉवर्ड यँकीजकडे गेला, एर्नी बँक्स शिकागो कब्जकडे. आता उत्पन्न खेळाडूंच्या विक्रीतून येऊ लागले. जणू घरातले दागिने मोडून घर चालवावे. मेजर लीगला सर्वाधिक खेळाडू याच कृष्णवर्णीय संघाने पुरवले. १९५५ मध्ये मेजर लीगचा अॅथलेटिक्स संघच कॅन्सस सिटीत आला. मोनार्क्स विकले गेले आणि मुक्काम मिशिगनला हलला. नाव तेवढे 'कॅन्सस सिटी' राहिले, तेही पुढच्या दहा वर्षांत विरले.

ओ'नील मात्र हटला नाही. १९६२ मध्ये तो कब्जचा, आणि मेजर लीगचाही, पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक झाला. १९९० मध्ये कॅन्सस सिटीत या लीगचे संग्रहालय उभे राहिले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. २००६ मध्ये हॉल ऑफ फेमने या परंपरेतील १७ जणांना एकदम स्थान दिले. त्यांत विल्किन्सन होता, मेंदेझ होता, ओ'नील नव्हता. तरीही ९४ वर्षांचा तो म्हातारा त्या समारंभात त्या सतरा जणांच्या वतीने उभा राहिला, हसत बोलला आणि श्रोत्यांना गायला लावले. ऑक्टोबरमध्ये तो वारला. त्याचा मान आला २०२२ मध्ये.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील अशा सात लीगना समान दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिळवण्यात आली. जॅकी रॉबिन्सनच्या नावावर तोवर १,५१८ हिट होते. आता १,५६७ आहेत. वाढलेले ४९ हिट १९४५ च्या त्या एका हंगामातले, मोनार्क्सच्या गणवेशातले.